बोटीच्या गियरबॉक्सचं ऑइल प्रेशर: उजनीवरच्या एका लाँचचं प्रकरण

माझं काम सोलापुरात हायड्रॉलिकचं. जेसीबी, ऊसतोडणीचे हार्वेस्टर, कारखान्यातले पॉवरपॅक, होजपाइप प्रेस करून देणं, असलं सगळं. बोट हा माझा धंदा नाही आणि सोलापूरला समुद्र नाही हे मला पण माहीत आहे, पण उजनी आहे की. एकूण ११७ टीएमसी पाणी, त्यातलं ६३ टीएमसीच्या वर तर मृत साठा, आणि करमाळा माढा बाजूला बॅकवॉटरवर बोटी चालतात, मासे धरणाऱ्यांच्या, पलीकडं जाणाऱ्यांच्या आणि हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या पुण्या-सोलापूरच्या लोकांच्या. त्यातल्याच एका बोटीचं हे प्रकरण. मालकाचं नाव, गाव सांगत नाही, मी त्यांना तात्या म्हणतो तेच इथं लिहितो.

आधीची परिस्थिती

तात्यांनी कोकणातनं एक जुनी फायबरची लाँच घेतली, साधारण तीस फुटी, आत चार सिलेंडरचं डिझेल इंजिन आणि त्याच्या मागं हायड्रॉलिक गियरबॉक्स. ट्रेलरवर घालून घाट चढवून आणली, रंग मारला, वर छत केलं, बाकडी बसवली. इंजिनचं सगळं बघून घेतलं, म्हणजे ऑइल, फिल्टर, बेल्ट, नोझल. गियरबॉक्सचं काय केलं तर डिपस्टिक काढून बघितली, तेल आहे, बास.

डॅशबोर्डवर चार मीटर होते. आरपीएम, पाण्याचं टेम्परेचर, इंजिन ऑइल प्रेशर, आणि चौथा बंद. चौथा कशाचा हे कुणाला माहीत नव्हतं, काच पिवळी पडलेली. चालवणारा पोरगा म्हणायचा "ऑइलचा काटा चालतोय की, मग दुसरा कशाला". तो चौथा मीटर गियरबॉक्सच्या प्रेशरचा होता, आणि त्याची वायर कोकणातच कुणीतरी कापून टेप लावून ठेवलेली. का कापली असेल ते पुढं आपोआप कळलं मला.

इथं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंजिन ऑइलचं प्रेशर आणि गियरबॉक्स ऑइलचं प्रेशर, दोन्ही तेलंच पण कामं वेगळी. इंजिनमध्ये प्रेशरचं काम बेअरिंगपर्यंत तेल पोचवणं. हायड्रॉलिक गियरबॉक्समध्ये आत छोटा पंप असतो, तो इंजिनच्या बाजूनं फिरतो, आणि त्याचं तेल पिस्टनला ढकलून क्लचच्या प्लेटा दाबून धरतं. पुढं जायला एक क्लच, मागं जायला दुसरा. म्हणजे प्रेशर हाच तुमचा क्लचचा पाय समजा. जेसीबीचं फॉरवर्ड-रिव्हर्स ज्यानं उघडलंय त्याला हे घरचं आहे. प्रेशर कमी झालं की प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की तेल पातळ होतं, पातळ झालं की सीलमधनं गळती वाढते आणि प्रेशर अजून पडतं. एकदा हे चाक फिरायला लागलं की आपोआप थांबत नाही.

झालं काय

जानेवारीतला रविवार, गर्दी. सकाळपासनं तिसरी फेरी, माणसं भरलेली. धक्क्याला लावताना पोरानं रिव्हर्स टाकला, इंजिन ओरडलं पण बोट थांबेना, तशीच जाऊन दगडी पिचिंगला घासली. कुणाला लागलं नाही, एका बाईंचा मोबाईल तेवढा पाण्यात गेला. अर्धा तास थांबून परत रिव्हर्स टाकला तर मस्त चालला. म्हणून चौथी फेरी पण काढली! हे मला नंतर कळलं तेव्हा मी तात्यांना जरा बोललो पण.

संध्याकाळी पोरानं डिपस्टिक बघितली, तेल थोडं कमी वाटलं, मग घरच्या ट्रॅक्टरसाठी आणलेलं इंजिन ऑइल अर्धा लिटर ओतलं. गियरबॉक्सच्या पाटीवर एटीएफ लिहिलेलं, म्हणजे पातळ लाल तेल. यात जाड तेल गेलं आणि मजा अशी की पुढचे आठ-दहा दिवस रिव्हर्स बरा चालला. जाड तेल सीलमधनं कमी गळतं ना, म्हणून. आजार तसाच, ताप तेवढा उतरल्यासारखा.

मग एक दिवस बोट पुढं पण जाईना झाली, म्हणजे इंजिन अठराशे आरपीएमला आणि बोट चालतीय बैलगाडीसारखी. दुसऱ्या बोटीनं ओढून आणली, पाच-सहा किलोमीटर. ओढताना इंजिन बंद आणि बोटीच्या मागचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाण्यानं फिरत होता, म्हणजे गियरबॉक्सचा शाफ्ट फिरतोय आणि पंप बंद, आत तेल फिरत नाही. लांब ओढायची असली तर शाफ्ट बांधायचा किंवा निदान मॅन्युअलमध्ये किती चालतं ते बघायचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, येणार तरी कसं.

तात्यांचा फोन मला आला तो कारखान्याच्या हार्वेस्टरच्या ओळखीनं. "आवो मिस्त्री, तुमचं ते हायड्रॉलिकचं हाय म्हनं, आमची बोट बगता का?"

समोर काय काय होतं

मी जायच्या आधीच तात्यांकडं तीन सल्ले येऊन पडलेले. एक बोटीचा मेकॅनिक फोनवर म्हणाला गियरबॉक्स उतरवा, दोन्हीकडच्या प्लेटा बदला. दुसरा एक जण सेकंडहँड गियरबॉक्स द्यायला तयार, सव्वा लाख, गॅरंटी नाही. तिसरा सल्ला घरचाच, तेल बदलून बघू, स्वस्तात होतंय.

माझं म्हणणं एवढंच की आधी मोजू. प्रेशर किती आहे हे कुणालाच माहीत नाही आणि सव्वा लाखाची गोष्ट चाललीय. समजा नवा गियरबॉक्स बसवला आणि बिघाड गियरबॉक्सच्या बाहेर असला तर तो पण महिन्यात जळणार.

तात्यांना हे पटलं पण पुढच्या दोन रविवारचं बुकिंग घेतलेलं होतं. इथं मी अडून बसलो. २०२४ च्या मे महिन्यात याच पाण्यावर कुगाव-कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ते वाऱ्यानं झालं, गियरबॉक्सचा काही संबंध नाही, पण वारं सुटल्यावर बोटीला जोर पाहिजे आणि ज्या बोटीचा क्लच कधी सुटेल सांगता येत नाही ती माणसं भरून मध्ये न्यायची? तात्या गप्प बसले, मग म्हणाले "बरं, पैसे परत करू". दोन रविवार रद्द. त्या दिवसातला सगळ्यात अवघड निर्णय हाच होता आणि तो त्यांनी घेतला, मी नाही.

मोजायला गेलो, आणि माझी चूक

टेंभुर्णीपर्यंत हायवे आणि मग आत, सकाळी आठला पोचलो. गियरबॉक्सवर जिथं जुना सेन्सर बसवलेला तोच टेस्ट पॉइंट. सेन्सर काढला, माझा गेज लावला, इंजिन चालू केलं, काटा हालल्यासारखा झाला आणि खिळ्याजवळच राहिला. मी नेलेला गेज ० ते २५० बारचा (बार हे प्रेशरचं माप), हार्वेस्टरचा. गियरबॉक्सचं प्रेशर वीस बारच्या आसपास. अडीचशेच्या गेजवर वीस आणि चौदा यातला फरक काय कळणार कपाळ! वीस वर्षं गेज विकतोय मी आणि हीच चूक. गेज असा घ्यायचा की नेहमीचं प्रेशर डायलच्या मधल्या भागात यावं.

परत सोलापूर. दुकानातला माझा पार्टनर हसत होता, "काय बे, धरण मोजायला गेलतास का गियरबॉक्स?" दुसऱ्या दिवशी ० ते ४० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज, दीड मीटर बारीक टेस्ट होज आणि टेम्परेचरची गन घेऊन गेलो.

अजून एक गोष्ट जी मी जाता जाता लिहितो पण महत्त्वाची आहे. टेस्ट पॉइंटचा आटा. एम१० बाय १ चा आटा आणि पाव इंचाच्या निम्म्याचा, म्हणजे १/८ बीएसपीचा आटा हे दिसायला सारखेच, एक १० मिलिमीटरचा आणि दुसरा ९.७ च्या जवळ, पहिले दोन वेढे हातानं जातात पण, आणि मग पाना लावला की ॲल्युमिनियमच्या बॉडीतला आटा गेला. पहिले दोन वेढे गेले म्हणून बरोबर आहे असं धरू नका, आटे मोजायचा गेज लावून बघा.

आता आकडे. गियरबॉक्सच्या मॅन्युअलचा फोटो तात्यांच्या पोरानं शोधून काढला, त्यात या मॉडेलचं चालू प्रेशर वीस बारच्या थोडं वर दिलेलं. हे सगळ्या गियरबॉक्सला सारखं नसतं, काही जुन्या अमेरिकन गियरबॉक्सना १२०-१४० पीएसआय म्हणजे आठ-दहा बार हेच नॉर्मल असतं, म्हणून दुसऱ्याच्या बोटीचा आकडा आपल्या बोटीला लावायचा नाही.

गार असताना, फॉरवर्डला, अठराशे आरपीएम: २२ बार. एकदम छान! इथंच कुणी थांबलं असतं तर म्हणाला असता गियरबॉक्स चांगला आहे, तुमचा पंखाच वाकलाय. आम्ही रिकामी बोट घेऊन गेलो फिरायला, मी, तात्या आणि पोरगा, लाइफजॅकेट घालून, आणि मागं ओढायला दुसरी बोट सांगून ठेवलेली. चाळीस मिनिटांनी त्याच आरपीएमला १७. सत्तर मिनिटांनी १३. स्लो केलं तर ९. मोबाईलच्या जीपीएसवर सुरुवातीला १४ किलोमीटरचा स्पीड होता तो शेवटी ११ वर आला, आरपीएम तेवढाच. कूलरकडं जाणाऱ्या तेलाच्या पाइपवर गन धरली तर ९८ डिग्री.

म्हणजे आजार गरमीत आहे, गारठ्यात नाही. एक आकडा काही सांगत नाही, आकडा कुठल्या टेम्परेचरला आणि कुठल्या आरपीएमला ते सोबत पाहिजे.

मूळ कुठं निघालं

तेल इतकं तापतंय म्हटल्यावर पहिला संशय कूलरवर. गियरबॉक्सचं तेल थंड करायला छोटा कूलर असतो, त्यात धरणाचं पाणी पंपानं फिरवतात. बाहेर पडणारं पाणी बघितलं तर धार बारीक, पोरगा म्हणाला "असंच येतंय पहिल्यापासनं".

कूलरची टोपी काढली. जलपर्णीची मुळं, चिखल, बारीक शिंपले हे तर होतंच, पण त्याच्या खाली रबराचे चार काळे तुकडे. पाण्याच्या पंपात रबराचं इंपेलर असतं, कधीतरी त्याची पाती तुटलेली, कुणीतरी इंपेलर नवीन टाकलं आणि तुटलेली पाती कुठं गेली ते शोधलंच नाही. ती पुढं जाऊन कूलरच्या तोंडावर बसली. इंपेलर बदलताना पाती मोजायची, जेवढी कमी तेवढी पुढच्या पाइपात कुठंतरी आहेत.

कूलर साफ केला, पाण्याच्या तोंडाला जाळी बसवली (ती नव्हतीच), गियरबॉक्सचं तेल सगळं काढलं. तांबूस-काळं, जळका वास. सक्शनच्या जाळीत काळा भुगा आणि थोडी पितळी चकाकी, म्हणजे प्लेटा झिजल्यात. पांढरं दुधाळ नव्हतं हे नशीब, दुधाळ असतं तर कूलर आतनं फुटून पाणी तेलात शिरलंय असा अर्थ. बरोबर ग्रेडचं एटीएफ भरलं, थोडा वेळ चालवलं, परत काढलं, परत भरलं. तात्या म्हणाले "तेलानंच आंघोळ घालताय".

परत सत्तर मिनिटांची फेरी. फॉरवर्ड, गरम, अठराशे: २० बार. स्लोला १६. तेल ७० डिग्रीच्या आसपास. सव्वा लाख वाचले असं सगळ्यांना वाटलं.

रिव्हर्सचा प्रश्न

पण रिव्हर्स. गियर टाकला की काटा एकदा खाली जातो आणि परत वर येतो, क्लचमध्ये तेल भरतंय म्हणून, हे नॉर्मल आहे. फॉरवर्डला एका सेकंदात परत वर. रिव्हर्सला मात्र तीन-चार सेकंद, आणि गरम असताना वर येऊन पण १६ वरच थांबायचा. दोन्हीकडं प्रेशर कमी असतं तर पंप, व्हॉल्व, जाळी किंवा तेल. एकाच बाजूला कमी म्हणजे त्याच क्लचच्या सीलिंग रिंगा किंवा पिस्टनचं सील. हे निदान फुकटात होतं, नुसता काटा बघून.

आता काय करायचं? गियरबॉक्स उतरवायचा तर बोट बाहेर काढायची, महिना जाणार, आणि फ्लेमिंगोचा सीझन फेब्रुवारी-मार्चपर्यंतच. तात्यांचं म्हणणं रिव्हर्स चालतोय की, उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्याच्या पण खाली, गेली की बोट तशी पण काठावरच बसणार, तेव्हा उघडू. मी हो म्हणालो पण अटी घातल्या. माणसं निम्मी, वारं असलं की बंद, धक्क्याला हळू यायचं आणि रिव्हर्सवर भरवसा ठेवायचा नाही, दोर फेकायला माणूस तयार, लंगर हाताशी. आणि प्रेशरचा मीटर चालू असल्याशिवाय बोट सोडायची नाही.

हो म्हणालो ते बरोबर होतं का? अजून मला नक्की सांगता येत नाही. त्यावर खाली लिहितो.

कायमचा मीटर

पहिला विचार तांब्याची नळी थेट डॅशबोर्डपर्यंत नेऊन साधा गेज लावायचा. स्वस्त आणि बॅटरी नको. मी नाही म्हणालो, इंजिनच्या थरथरीनं तांबं कडक होऊन चिरतं, आणि ती नळी फुटली तर गरम तेल चालवणाऱ्याच्या पायावर आणि गियरबॉक्स पाच मिनिटांत रिकामा. मग असं केलं की इंजिनरूमच्या पार्टिशनवर साधा गेज, छोट्या हायड्रॉलिक होजनं, तोंडाला बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे काटा थरथरत नाही आणि होज फुटली तरी धार बारीक राहते. आणि डॅशबोर्डला इलेक्ट्रिक मीटर, त्याचा सेन्सर त्याच पार्टिशनवर.

इलेक्ट्रिक मीटर बसवला, चावी फिरवली, इंजिन बंद, आणि काटा फुल, २५ बार! इंजिन चालू केलं की काटा खाली यायला लागला. पोरगा म्हणाला उलटा बसवला का. तसंच होतं जवळजवळ. बाजारात दोन जातीचे सेन्सर आहेत, एक प्रेशर वाढलं की रेझिस्टन्स वाढणारा, १० ते १८० ओहम, दुसरा उलट, २४० वरनं ३३ वर उतरणारा. मीटर एका जातीचा आणि सेन्सर दुसऱ्या जातीचा दिलेला दुकानदारानं. बदलून आणला तरी काटा मनमानी करायचा, तर कारण अर्थिंग. सेन्सर गियरबॉक्सवर असतो तेव्हा अर्थ बॉडीतनं मिळतं, आम्ही रबराच्या होजनं लांब नेल्यावर मिळणार कुठनं. वेगळी अर्थ वायर ओढली, काम झालं. दोन्ही मीटर शेजारी ठेवून मिळवून बघितले, अर्ध्या बारचा फरक.

मग बझर. १२ बारच्या खाली गेलं की वाजणारा प्रेशर स्विच. दोन दिवसांनी गेलो तर वायर काढून ठेवलेली! कारण या गियरबॉक्सला न्यूट्रलमध्ये प्रेशर तसं पण उतरतं, त्यामुळं न्यूट्रल केलं की बोंब, आणि गिऱ्हाईक घाबरतात. तेव्हा लक्षात आलं की कोकणातल्या त्या माणसानं चौथ्या मीटरची वायर का कापली असेल. पोराला शिव्या घालून उपयोग नाही, खोटं ओरडणारा बझर माणूस कापणारच. लिव्हरवर न्यूट्रलचा स्विच बसवला आणि तीन सेकंदाचा टायमर, म्हणजे गियरमध्ये असताना आणि तीन सेकंद सलग कमी असेल तरच वाजायचं.

पण बघा, बझर १२ ला आणि आमच्या खराब दिवशी चालू प्रेशर होतं १३. म्हणजे बझर असता तरी भर पाण्यात वाजला नसता, स्लो केल्यावरच वाजला असता. म्हणून शाळेची वही ठेवली, रोज शेवटच्या फेरीत अठराशेला प्रेशर आणि टेम्परेचर लिहायचं. पोरगा चार दिवस लिहायचा, चार दिवस विसरायचा. मग मीटरच्या काचेवर १९ ते २३ हिरवी टेप आणि १६ च्या खाली लाल टेप लावली, ती जास्त उपयोगी पडली.

पुढं काय झालं

सीझन निघाला. फेब्रुवारीच्या शेवटी वहीत फॉरवर्डचा आकडा २० वरनं १८ वर आला, पोरानं स्वतःहून फोन केला, मी म्हणालो आधी पाण्याची जाळी बघ. जलपर्णीनं गच्च. साफ केली, परत २०. तो फोन आला तेव्हा मला बरं वाटलं.

मे महिन्यात पाणी उतरलं आणि गियरबॉक्स उघडला. फॉरवर्डच्या प्लेटा वापरण्यासारख्या. रिव्हर्सच्या दोन प्लेटा काळ्या, सीलिंग रिंगांनी खोबणीत चर पाडलेला. तो भाग लेथवर नीट करून घ्यावा लागला, प्लेटा आणि रिंगा मुंबईवरनं मागवल्या. पहिल्या मेकॅनिकनं सांगितलेल्या खर्चाच्या निम्म्यात झालं.

परत करायचं झालं तर

तो चर जानेवारीत कमी असणार, कदाचित नुसत्या रिंगांवर भागलं असतं. उशिराची किंमत म्हणजे तेवढं लेथकाम आणि दोन प्लेटा. सीझनच्या कमाईपुढं ते काहीच नाही, तात्यांच्या हिशोबानं बरोबरच झालं. पण माझ्या हिशोबात ते निम्मे प्रवासी पण आहेत, ज्यांना माहीत नव्हतं की या बोटीला रिव्हर्स अर्धा आहे. परत असं आलं तर मी रिव्हर्स १६ च्या बोटीत गिऱ्हाईक बसवायला हो म्हणणार नाही, मासे आणा, चारा आणा, माणसं नको.

दुसरं, बोट घेतली त्या दिवशीच त्या चौथ्या मीटरला विचारायला पाहिजे होतं तू कशाचा म्हणून. गार आणि गरम, फॉरवर्ड आणि रिव्हर्स, स्लो आणि फास्ट असे आठ आकडे तेव्हाच लिहून ठेवले असते तर पुढं तुलना करायला काहीतरी असतं. आम्ही आता जी वही ठेवलीय तिच्या पहिल्या पानावर दुरुस्तीनंतरचे तेच आठ आकडे आहेत.

आणि गेज. २५० चा गेज आता दुकानात वेगळ्या खोक्यात ठेवलाय, पार्टनरनं त्यावर मार्करनं "धरण" लिहून ठेवलंय.